कर्ता शोधणाऱ्या डिमेलो बाई

आमच्या परळच्या महापालिका शाळेत वरून परिपत्रक आलं, की डिमेलो बाई ते आधी तपासतात. म्हणजे लाल पेनाने. "'गुणवत्ता वाढवण्यात यावी.' कोणी वाढवायची? कर्ता कुठंय?" मग समासात 'वाक्य पुन्हा लिहा' असा शेरा मारून, सही न करता परत पाठवतात. मुख्याध्यापक बिचारे नवी झेरॉक्स काढून आणतात.

बाई माझगावच्या. आयुष्यभर मराठी शिकवत आल्या आहेत. त्यांचं नाव ऐकून नव्या लोकांना फार कौतुक वाटतं. "अय्या, तुमचं मराठी किती छान."

"प्रयत्न केलात तर तुमचंही होईल," बाई म्हणतात. तेही हसून.

मी त्याच शाळेत गणित शिकवते, त्यामुळे शिक्षणावरचे त्यांचे विचार मला डब्याबरोबर मिळतात. "शिकवणं हा आपला जोडधंदा गं. मुख्य धंदा फोटो काढणं. मूल हात धुतंय, फोटो. झाड लावतंय, फोटो. एखादं वाचताना सापडलं, तर त्याचाही काढू."

मध्यंतरी दादरला आनंददायी शिक्षणाचं प्रशिक्षण होतं. एका तरुण मार्गदर्शकाने आम्हाला फुगा व्हायला सांगितलं. पन्नाशीच्या बायका गाल फुगवून उभ्या राहिल्या. बाई बसूनच.

"मॅडम, तुम्ही?"

"मी फुटलेला फुगा. चालू द्या तुमचं."

यंदा जूनमध्ये बाईंच्या पाचवीत पिंकी आली. बिहारची. वडील समोरच्या टॉवरच्या बांधकामावर. घरात भोजपुरी, वर्गात मराठी; पोरीने तोंडच मिटून घेतलं. गणपती येऊन गेले तरी तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

मुख्याध्यापक म्हणाले, "हिला हिंदी शाळेत पाठवू या. लांब पडेल, पण इलाज काय?"

"हिंदी तरी तिच्या घरची आहे का? दिवाळीपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या.

आता बाई पोरीला व्याकरणाने सोलणार, असं आम्ही धरूनच चाललो.

एका मधल्या सुट्टीत मी पाचवीच्या वर्गावरून जात होते. बाकी मुलं खाली मैदानात होती. बाई मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या होत्या. समोर पिंकी, मध्ये उघडा डबा.

"हम भात खात बा," बाई म्हणाल्या.

पिंकीची आई शाळा सुटताना फाटकाशी यायची. बाई तिच्याशी रोज काय बोलत उभ्या राहतात, ते मला आता कळलं.

पिंकीने मान हलवली. "बा ना," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "बानी."

"हम भात खात... बा?"

"बानी. हम खात बानी."

बाई पुन्हा चुकल्या. शुद्धलेखनात आमची एक वेलांटी न सोडणारी बाई एवढंसं वाक्य तीनदा चुकली. पिंकीने कपाळाला हात लावला, बाकावर सरसावून बसली आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, त्यांना शिकवायला लागली. बाई मान खाली घालून ऐकत होत्या.

घंटा झाली. बाई उठल्या नाहीत. पाचवीचा पुढचा तास माझा होता. मुलं धडधडत जिना चढून आली, तशी मी त्यांना खुणेनं गप्प केलं आणि आम्ही सगळे दाराबाहेरच थांबलो.