चाईचा नकाशा

मोबाइलवर एक फोटो काढला असता, तर काम दोन मिनिटांत भागलं असतं. पण मिलिमीटरराव पडले नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. (हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं होतं. चेष्टेनं ठेवलं होतं, पण त्यांना तो सन्मान वाटे.)

झालं होतं असं, की त्यांच्या बायकोचा थायरॉइड बिघडला आणि पाठोपाठ डोक्याला मागच्या बाजूला चाई पडली. डाव्या कानामागे केस गेलेले, बाटलीच्या बुचाएवढे तीन गुळगुळीत गोल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी रोज रिकाम्या पोटी. आणि चाई वाढतेय की भरतेय, ते दर रविवारी बघत जा."

"फोटोला माप नसतं," असं म्हणून मिलिमीटररावांनी ट्रेसिंग पेपर काढला.

बायको शाळेत शिकवायची. फळ्यावर लिहायचं म्हणजे चाळीस मुलांकडे पाठ करायची, आणि चाई नेमकी पाठीमागे! मुलं हसतील या धास्तीनं तिनं दोन महिने खडूला हात लावला नव्हता. सगळं तोंडी सांगून घसा बसला होता. उकाड्यातही केस मोकळे सोडून ती वर्गात खेकड्यासारखी आडवी चालायची. हे तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, आणि ते ऐकून त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. म्हणूनच तर नकाशा अगदी बिनचूक व्हायला हवा होता.

पहिल्या रविवारी त्यांनी तिच्या डोक्यामागे कागद धरला. मधली रेघ, दोन बाजूंना दोन कान, तीन गोल. अक्षर मात्र एकही लिहिलं नाही. (बायकोच्या डोक्यावर काही लिहायचं त्यांना धाडस झालं नाही.)

दुसऱ्या रविवारी कागद पुन्हा डोक्याला लावला, खुणेच्या जागचे केस बाजूला केले, आणि मिलिमीटरराव ओरडलेच, "अगं, भरली! तिन्ही गोल भरले!"

"खरंच? पण माझ्या हाताला इकडे गुळगुळीत लागतंय."

"नवे केस आहेत. बाळाचं जावळ कसं मऊ असतं?"

"आणि चाई डावीकडे होती ना हो? तुम्ही तर उजवीकडे बघताय."

"तुला मागचं काय दिसतंय? हा बघ कागद, उजवीकडेच आहे."

बायको गोंधळली. थायरॉइडमुळे विसरायला होतं, असं डॉक्टरीणबाई बोलल्याच होत्या. आता आपण डावं-उजवंही विसरायला लागलो की काय, म्हणून तिनं बिचारीनं कागदावर विश्वास ठेवला. मग तिला रडू आलं, पण आनंदानं.

सोमवारपासून ती वर अंबाडा घालून शाळेत जाऊ लागली. शाळा सकाळची, ती निघे तेव्हा मिलिमीटरराव अंथरुणात घोरत असत. आठवडाभर तिनं फळा भरभरून लिहिलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी डोकं तपासलं. "कडेनं बारीक केस यायला लागलेत. छान. अजून दोनेक महिने धीर धरा."

"कडेनं? अहो डॉक्टर, चाई तर भरली!" मिलिमीटररावांनी ऐटीत नकाशा पुढे केला.

बाईंनी कागद पाहिला. डोकं पाहिलं. पुन्हा कागद पाहिला आणि शांतपणे उलटा केला.

तिन्ही गोल उजवीकडून डावीकडे गेले.

"ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, नाही?" बाई म्हणाल्या. मिलिमीटररावांनी कागद हातात घेऊन दोनदा उलटसुलट केला. पंचवीस वर्षांची नोकरी, आणि हे त्यांना एका डॉक्टरनं सांगावं!

घरी आल्यावर बायकोनं अंबाडा सोडला. मग म्हणाली, "आठवडाभर मी त्या मुलांकडे पाठ करून उभी होते." ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. रविवारभर ते घरात चोरासारखे वावरले.

सोमवारी ती शाळेतून आली ती हसतच.

"मी सरळ वर्गालाच विचारलं. मॉनिटर उभी राहिली. म्हणाली, 'बाई, आम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं. पण कोणी हसायचं नाही, असं मधल्या सुट्टीत ठरवलं आम्ही.'"

मिलिमीटरराव म्हणाले, "किती गुणी मुलं गं!"

"त्यांना वाटलं, माझे केस तुम्ही घरी कापता."

"काय? मग तू खरं सांगितलंस ना?"

"सांगितलं तर! थायरॉइड, चाई, सगळं फळ्यावर लिहून समजावलं. वर्गाकडे पाठ करून, अंबाडा घालून."

"मग काय म्हणाले?"

"सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मॉनिटर म्हणाली, 'असू दे, बाई. आमची आईसुद्धा बाबांना असंच पाठीशी घालते.'"