न खेळणाऱ्यांची खुर्ची

टेबलाला खुर्च्या चारच होत्या, आणि त्यातली चौथी धाकटीला मिळणार, हे थोरलीला चहाचं आधण ठेवताना कळलं.

तिची सून विद्यापीठात शिकवायची. हॉस्पिटलातल्या एक डॉक्टरीणबाई, क्लबातला कोच आणि ही, अशा तिघांनी मिळून एक मोठा अभ्यास काढायचं ठरवलं होतं. वस्तीतली माणसं खेळायला का येत नाहीत, त्यातून वयाने वाढलेल्या बायका मैदानाकडे का फिरकत नाहीत, ते शोधायचं. कामाचं नाव होतं ‘क्रीडेतील लोकसहभाग : संयुक्त संशोधन कार्यक्रम’. एवढं नाव घेऊनच निम्मी माणसं दमतील, मग खेळणार कधी? विद्यापीठातला हॉल रंगवायला काढला होता, म्हणून बैठक घरातच भरायची होती.

“चौथी खुर्ची वस्तीतल्या माणसाची आहे, आई,” सूनबाई म्हणाली. “तिथे काकू बसतील.”

“कुठली काकू?”

“आपल्या काकू. समोरच्या.”

थोरलीच्या हातून चमचा निसटला. धाकटी म्हणजे तिच्या धाकट्या दिराची बायको. समोरच्याच दारात राहायची. थोरलीने कुंडीत रोप लावून पाणी घालून मरावं, आणि न लावलेलं फूल धाकटीच्या कुंडीत उमलावं, असं सगळं आयुष्य चाललेलं.

“आणि मी काय वस्तीबाहेर राहते?”

“तसं नाही हो. आम्हाला अजिबात न खेळणारं, न हलणारं माणूस हवंय. तुम्ही रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारता. काकूंना जिना उतरायचा म्हटला तरी रडू येतं.”

“मी पण बसते की! काल दुपारभर बसलेच होते.”

“भाजी निवडत होतात तुम्ही.”

“म्हणजे जी लोळते तिला खुर्ची, आणि जी राबते तिने चहा करायचा. छान शिकलात हो!”

सूनबाई हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

धाकटी आली ती अत्तर लावून, खांद्याला पर्स अडकवून. समोरच्या दारातून या दारात यायला पर्स! खुर्चीत बसली तीही अशी, की खुर्चीवरच उपकार झाले.

“सांगा काकू,” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मैदानावर का नाही जात तुम्ही?”

“गुडघे हो. शिवाय ऊन असतं. ऊन नसलं की वारा असतो. आणि लोक बघतात.”

“लोक बघतात!” डॉक्टरीणबाई हरखल्या. “फार मोलाचं बोललात.”

कोचनेही मान डोलावली. स्वयंपाकघराच्या दारात थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. “त्यात काय मोलाचं? लोक बघत नसते तर ही घराबाहेरच पडली नसती.”

“आई, चहा,” सूनबाई म्हणाली.

थोरलीने चहा आणला. धाकटीच्या कपात साखर घालायला ती मुद्दाम विसरली. धाकटीने एक घोट घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, “बरं झालं वहिनी, डॉक्टरांनी मला बिनसाखरेचाच सांगितलाय.”

दुश्मनी करावी तर तीसुद्धा हिच्या तब्येतीला मानवते!

दाराआड उभी राहून थोरलीने पुढचं ऐकलं. रविवारी सकाळी विद्यापीठातल्या मोठ्या मॅडम यायच्या होत्या. त्यांनी हो म्हटलं तरच काम सुरू, नाहीतर सगळं बासनात. अभ्यासात म्हणे आधी ‘जसं आहे तसं’ दाखवावं लागतं. म्हणून मॅडमना रिकामं मैदान दाखवायचं, आणि त्याच्या कडेला मानाने बसवायची कोण? तर धाकटी. फोटोसुद्धा काढायचे होते.

फोटोचं ऐकलं आणि थोरलीचा निश्चय झाला. पाहुणे येणार म्हणजे घर भरलेलं हवं. रिकामं मैदान दाखवतात का कुणी?

दुसऱ्या दिवशी ती शिंपीणबाईंकडे गेली. “रविवारी बेकरीवाली येतेय मैदानावर खेळायला. तुम्हाला कसलं जमतंय म्हणा!”

तिथून बेकरीत. “शिंपीणबाईंनी म्हणे खास बूट घेतलेत. मी म्हटलं, तुझ्या कानावर घालावं.”

निवृत्त हेडबाईंना तर तिने उलटंच सांगितलं. “तुम्ही नका येऊ हं बाई. तुमच्या वयाला झेपायचं नाही.” हेडबाईंनी दार धाडकन लावलं, आणि आतून कपाटातले जुने बूट शोधल्याचा आवाज आला. एकीचं दुसरीला कळलं, दुसरीचं तिसरीला. रविवारपर्यंत थोरलीला आणखी काही करावं लागलं नाही.

व्हॉलीबॉल होताच. तो सूनबाईने अभ्यासासाठी आणून पलंगाखाली ठेवला होता. जाळी तेवढी नव्हती. मग थोरलीने रविवारी सकाळी गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि मैदानावर दोन खांबांना ताणून बांधली. दोरी धाकटीची होती, पण घाईत कोण बघतं?

मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा मैदानावर ही गर्दी! शिंपीणबाई नव्या बुटांत, बेकरीवाली त्याहून नव्या बुटांत, हेडबाई शिट्टी फुंकत, आणि मधोमध थोरली बॉल घेऊन.

“मी दुसऱ्याच मैदानावर आले का?” मॅडमनी विचारलं. “इथे कुणी फिरकत नाही असं तुम्ही लिहिलं होतं.”

कोच खाली बघायला लागला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. सूनबाई दोरीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, “आई, हे काय केलंत? केवढी मेहनत होती माझी.”

तिचा चेहरा बघून थोरलीने हातातला बॉल बेकरीवालीकडे टाकला. सुनेचं वाटोळं करावं असं तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त धाकटीचं करायचं होतं.

धाकटी कडेला खुर्चीत बसली होती खरी, पण तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. फोटोवालासुद्धा थोरलीचेच फोटो काढत सुटला होता. धाकटी चुळबुळली. इकडेतिकडे बघता बघता तिची नजर खांबावर गेली.

“अगं बाई, ही तर माझी दोरी!”

आणि धाकटी उठली. जिना उतरताना रडणारी बाई तरातरा मैदान ओलांडून गाठ सोडायला गेली. तेवढ्यात बेकरीवालीने फेकलेला बॉल तिच्या नाकावरच यायचा, तो तिने दोन्ही हातांनी झेलला. बायकांनी एकच ओरडा केला. धाकटीने दोरीचा नाद सोडला, चपला भिरकावल्या आणि बॉल असा टोलावला की हेडबाईंची शिट्टी तोंडातच राहिली.

“गुडघे?” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

मॅडम मात्र हसत पुढे झाल्या आणि एकेकीला विचारायला लागल्या, “तुम्ही का आलात खेळायला?”

“ही येणार होती म्हणून,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“त्या आल्या म्हणून,” बेकरीवाली म्हणाली.

“मला येऊ नका म्हणाल्या म्हणून,” थोरलीकडे बोट दाखवत हेडबाई गरजल्या.

धाकटीला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. “वहिनींचे फोटो निघत होते!”

मॅडम सूनबाईकडे वळल्या. “आपण मैदान, वेळ, तब्येत सगळं धरलं होतं. हे कुणीच धरलं नव्हतं. करा सुरुवात, माझा होकार आहे. फक्त खुर्चीवरचं माणूस बदला. तुमच्या काकू आता खेळणाऱ्यांत गेल्या. बायका बाहेर कशा काढायच्या हे ज्यांना कळतं, त्या सासूबाईंना बसवा.”

सूनबाईने खुर्ची पुढे केली. “बसा, आई.”

थोरली बसली. पाठ ताठ, हनुवटी वर. फोटोवाला समोर आला. सगळं मनासारखं झालं होतं.

“आणि तुम्ही का आलात?” मॅडमनी विचारलं.

थोरली उत्तर देणार, तोच मैदानातून धाकटीचा आवाज आला. “चला गं, वहिनी बसल्या एकदाच्या! आता कॅप्टन मी!”

थोरली ताडकन उठली. खुर्ची मागच्या मागे उलटली.

“ए, बॉल ठेव खाली!” असं ओरडत ती निघाली. अर्ध्या मैदानात तिला मॅडमचा प्रश्न आठवला. पळता पळताच तिने मान वळवली. “सूनबाई, माझं ‘प्रकृतीसाठी’ म्हणून लिही हो!”

सूनबाईने तसंच लिहिलं. सासूबद्दल काय लिहायचं आणि काय नाही, एवढं शिक्षण तिचं झालेलं होतं.