निशिकांतला उचलण्याची जबाबदारी

भार्गवीने जेवताना फोन पुढे केला तेव्हा उल्हासचा उजवा हात पिठल्यात होता, म्हणून त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने संमती दिली. शाळेच्या ॲपवर अकरा चौकोन होते आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरांत चार-चार ओळी. उल्हासने अकराही चौकोनांत खुणा केल्या आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"बाबा, तू वाचलंच नाहीस," भार्गवी म्हणाली.

"वाचायचं काय त्यात? चीअरलीडिंगच्या टीममध्ये निवड झाली ना तुझी? मग जा की. मी काय जुन्या वळणाचा बाप आहे?"

"शुअर हं? नंतर कम्प्लेंट करायची नाही."

"मी आणि तक्रार?" उल्हास हसला.

उल्हास सिंगापूरच्या वन-नॉर्थमधल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. तोआ पायोहमध्ये राहून त्याला बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत आपलं काही चुकलंय असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, उलट्या दिशेच्या गाडीत बसला, तरी दोन स्टेशनं तो "इकडून गर्दी कमी असते" असं म्हणत जात असे. मैत्रेयी, म्हणजे त्याची बायको, नेमकी उलटी. ती शाम्पूच्या बाटलीमागची सूचनासुद्धा शेवटपर्यंत वाचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो फॉर्म वाचला.

"आठवड्यातून तीन सराव. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसात."

"चांगलंय. शिस्त लागेल."

"डॉक्टरच्या सर्टिफिकेटशिवाय गैरहजेरी नाही. तीनदा चुकलं की टीममधून बाहेर."

"उत्तम! नियम असेच हवेत."

"जूनच्या सुट्टीत रोज कॅम्प. त्या काळात देशाबाहेर जायचं नाही."

उल्हासचा चहाचा कप ओठांजवळ थांबला. चौदा जूनला पुण्यात निमिषचं लग्न होतं. निमिष हा त्याचा धाकटा भाऊ. वय छत्तीस. या लग्नाची त्यांची आई गेली नऊ वर्षं वाट बघत होती. विमानाची तिकिटं फेब्रुवारीतच काढून झाली होती.

"आणि शेवटचा चौकोन," मैत्रेयी शांतपणे म्हणाली. "घरातल्या एका पालकाने पालकांच्या टीममध्ये सामील व्हायचं. जूनमध्ये शाळेच्या फॅमिली डेला कार्यक्रम. हजेरीचे नियम मुलींचे तेच पालकांना. इथे नाव लिहायचं होतं. तुझं आहे."

"ते आपोआप आलं असणार."

"तुझ्याच अंगठ्याने आलंय. आता भार्गवीला काय सांगायचं? काकाचं लग्न सोड, की टीम सोड?"

"कोणालाच काही सोडायला लागणार नाही," उल्हास म्हणाला. "मी कोचशी बोलतो. दहा मिनिटांचं काम आहे. असल्या अटी मी रोज ऑफिसात सैल करून घेतो."

शनिवारी सकाळी तो लॅपटॉपमध्ये सहा स्लाइड घेऊन शाळेच्या हॉलमध्ये पोचला. कोच मिसेस चिया साठीच्या होत्या, उल्हासच्या छातीपर्यंत येत होत्या आणि गळ्यातली शिट्टी बोलतानासुद्धा ओठांपासून फार लांब जाऊ देत नव्हत्या. त्यांनी पहिल्या स्लाइडकडे पाहिलं. मग उल्हासकडे, खांद्यांपासून पायांपर्यंत.

"मिस्टर उल्हास, वजन किती?"

"चौऱ्याऐंशी. पण मी आलो होतो ते—"

"गुडघे ठीक आहेत?"

"एकदम. पण लग्नाचं—"

"आधी बघा," मिसेस चिया म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

गादीवर चार मुली पुढे आल्या. तिघींनी हातांचा आधार केला आणि चौथी, राधिका नावाची चिमणीएवढी मुलगी, त्या हातांवर चढून सरळ उभी राहिली. खालच्या तिघींत भार्गवी होती. घरी जिला स्वतःचा चष्मा सापडत नसे, ती उल्हासची मुलगी राधिकाच्या पायाला असं धरून उभी होती, की उल्हास स्लाइड बदलायचं विसरला. तिच्या मानेची शीर ताणलेली होती आणि नजर एकसारखी वर होती.

"तुमची मुलगी आली नाही, तर ती वरची मुलगी कशावर उभी राहणार? हवेत?" मिसेस चियांनी विचारलं. "म्हणून तो नियम. मला कागद भरायला आवडतात म्हणून नाही, लाह," त्यांनी सिंगापुरी हेल काढला.

उल्हासने लॅपटॉप मिटला.

"पण लग्नसुद्धा महत्त्वाचं," त्या पुढे म्हणाल्या. "तिला तीन दिवस मी देते. एक राखीव मुलगी तयार करते. पण पालकांच्या टीममध्ये मला एक मजबूत माणूस पाहिजे. तुम्ही सगळे सराव करणार. एकही चुकवायचा नाही. कॅन?"

"कॅन!" उल्हास म्हणाला. फॅमिली डे एकवीस जूनला होता, म्हणजे लग्नानंतर आठवड्याने. लग्नापुरती स्वतःची तीन दिवसांची रजाही त्याने तिथल्या तिथे मंजूर करून घेतली, आणि घरी येऊन मैत्रेयीला "दहा नाही, बारा मिनिटं लागली" असं सांगितलं.

पालकांच्या टीममध्ये नऊ जण होते. उल्हासला बेस केलं होतं. बेस म्हणजे खाली घट्ट उभं राहून वरच्याला पेलणारा. त्याच्या खांद्यांवर उभा राहणार होता राधिकाचा बाप, निशिकांत. हा मूळचा नागपूरचा, इथल्या विद्यापीठात प्रथिनांवर संशोधन करायचा. वजन त्रेपन्न किलो. पहिल्या दिवशी त्याने उल्हासच्या मांडीवर एक पाय ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"उल्हासराव, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे जी," तो म्हणाला. "माझा माझ्यावर नाही."

"चढा हो, निशिकांतराव. मागे आधाराला माणूस आहे, खाली गादी आहे. आणि मी आहे."

"तुम्ही शिंकलात तर?"

"नाही शिंकणार."

"शिंक काही सांगून येते का हो?"

तीन सराव निशिकांत मांडीच्या वर गेलाच नाही. मिसेस चियांनी इंग्रजीत आकडे मोजून पाहिले, शिट्टीवर मोजून पाहिले, बेस बदलून पाहिला. दुसऱ्या बेसच्या मांडीला निशिकांतने हातही लावला नाही. चौथ्या सरावाला उल्हासने खालून मराठीत मोजायला सुरुवात केली. "पाच, सहा, सात..." आणि आठला निशिकांत त्याच्या खांद्यांवर दोन्ही पायांवर उभा होता. डोळे गच्च मिटलेले होते, पण उभा होता. त्या दिवसापासून सगळ्या टीमने मराठीतच मोजायचं ठरवलं. शनिवारी सकाळी तोआ पायोहमधल्या त्या हॉलमध्ये चिनी, मलय आणि तमिळ आईबाप एका सुरात "पाश, सहा, सात, आट" असं ओरडू लागले.

उल्हास आता पूर्ण पेटला. लिटिल इंडियातून त्याने दहा-दहा किलो तांदळाच्या दोन पिशव्या आणल्या आणि त्या खांद्यांवर घेऊन तो घरच्या हॉलमध्ये उठाबशा काढू लागला. मैत्रेयीला खिचडी लावायची असेल, तर त्याचा सेट संपायची वाट बघावी लागे. गुरुवारी पाचच्या ठोक्याला तो मीटिंगमधून उठायचा. "कुठे?" असं बॉसने विचारलं, तेव्हा त्याने ताठ मानेने सांगितलं, "माझ्या खांद्यांवर एक माणूस उभा राहणार आहे." बॉसला ती प्रोजेक्टबद्दलची उपमा वाटली. त्याने कौतुकाने मान हलवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेचा निरोप आला. हॉलचा एसी दुरुस्तीला काढणार असल्यामुळे फॅमिली डे एकवीसऐवजी चौदा तारखेला होईल. दुपारी अडीच वाजता.

उल्हास धावतच मिसेस चियांकडे गेला.

"भार्गवीचं काही अडत नाही," त्या म्हणाल्या. "ती लग्नाला जाणार. राखीव मुलगी तयार आहे."

"आणि माझं?"

"तुमचा राखीव कोण?"

उल्हासने हॉलभर पाहिलं. राखीव कोणीच नव्हतं. शेजारी उभ्या निशिकांतने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही जा उल्हासराव," तो पटकन म्हणाला. "सख्ख्या भावाचं लग्न आहे. मी खालीच उभा राहून टाळ्या वाजवतो. मला काय, मी पहिल्यापासून खालीच होतो." आणि तो वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. नाड्यांना गाठ नव्हती, तरी त्याला बराच वेळ लागला.

परतताना राधिका भार्गवीला सांगत होती. आपला बाबा सगळ्यात वर उभा राहणार हे तिने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. आधी कोणाचा विश्वासच बसला नव्हता. आता सगळे बघायला येणार होते.

उल्हासने त्या संध्याकाळी तांदळाच्या पिशव्यांना हातही लावला नाही. मैत्रेयीने दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी त्याने स्वतःच पुण्याला फोन लावला.

"निमिष, मी मुहूर्ताला नाही येऊ शकत. मैत्रेयी आणि भार्गवी येतील. मी रात्रीच्या विमानाने निघतो, दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला पोचतो."

"का रे दादा? ऑफिस?"

"नाही. शाळेत कार्यक्रम आहे. एका माणसाला खांद्यांवर घ्यायचंय."



"आजारी आहे का तो?" निमिषने विचारलं.

"छे! ठणठणीत आहे."

"मग त्याला चालता येत नाही?"

"अरे, चालतो चांगला. पण त्याला दुसरं कोणी उचललेलं चालत नाही. घाबरतो. आपण होय म्हटलंय रे त्याला."

निमिषने फोन आईकडे दिला. आईने सगळं दोनदा ऐकून घेतलं. "पाहुण्यांना मी ऑफिसचं काम सांगेन," ती म्हणाली. "हे मला सांगता यायचं नाही."

चौदा तारखेला हॉल खचाखच भरला होता. पुण्यातला मुहूर्त बारा वीसचा, म्हणजे इथले दोन पन्नास. दोन पन्नासलाच पालकांची टीम गादीवर आली. तिकडे अंतरपाट धरला असेल, उल्हासच्या मनात आलं. मग निशिकांतचा पाय त्याच्या मांडीवर पडला आणि मनात दुसरं काही उरलं नाही.

"पाच," उल्हास म्हणाला. "सहा. सात."

आठला निशिकांत वर होता. आणि आज त्याने डोळे उघडले. राधिकाच्या वर्गाने छप्पर उडेल अशी आरोळी ठोकली. निशिकांतने एक हात वर केला. मग दुसरा. ठरल्याप्रमाणे आठ आकड्यांनी उतरायचं होतं. आठ झाले, सोळा झाले, संगीतही संपलं.

"निशिकांतराव, उतरा," उल्हास दात आवळून पुटपुटला.

"थांबा हो जरा," वरून आवाज आला. "इथून फार छान दिसतंय."

"माझे गुडघे..."

"तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे जी!"

आणखी पाऊण मिनिट तो तिन्ही बाजूंना हात हलवत राहिला. मिसेस चियांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. शेवटी टाळ्या थांबल्या, तेव्हाच निशिकांत उतरला. उतरल्याबरोबर त्याने उल्हासला अशी मिठी मारली, की तेवढ्यात मात्र दोघेही गादीवर आडवे झाले.

दीड तासाने मैत्रेयीचा फोन आला. लग्न लागलं होतं. मागे सनई आणि गलका.

"माळा घालताना पंचाईतच झाली," ती सांगत होती. "मुलीच्या भावांनी तिला उचललं उंच. आपल्या बाजूने निमिषला उचलायचं कोणी? मोठा भाऊ नाही! मग भार्गवी पुढे झाली. तीन काकांना पकडून आणलं, कोणाचा पाय कुठे, हात कुठे ते सांगितलं. चप्पल काढायला लावली. प्रताप काकांच्या बोटातली अंगठीसुद्धा! आणि निमिष असा काही वर गेला म्हणून सांगू, मुलीचे भाऊ बघतच राहिले. थांब, आईंना बोलायचंय."

"उल्हास," आई म्हणाली, "तुझ्या त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कोणीतरी भार्गवीला पाठवला. तिने सगळ्या मांडवाला दाखवला. माझं ऑफिसचं कारण वाया गेलं."

"मग? कसा वाटला?"

"छान! तो वरचा कोण रे? काय ऐटीत उभा होता. सगळे विचारत होते. व्याही म्हणाले, लग्नाचा असेल तर आमच्या भाचीसाठी सांगा."

"त्याला आठवीतली मुलगी आहे, आई."

"हो का? बरं. आणि तू कुठे होतास त्यात?"

उल्हासने समोर पाहिलं. निशिकांतभोवती वीस-पंचवीस माणसं होती. राधिका त्याचा हात धरून एकेकाबरोबर फोटो काढून घेत होती. उल्हासने दुखरी मान चोळली.

"खाली," तो म्हणाला.

"दिसला नाहीस."

"खालचा दिसत नाही, आई. खालच्याकडे लोकांचं लक्ष गेलं, तर समजायचं काहीतरी चुकलं."

आपल्या या मुलाच्या तोंडून असलं वाक्य आई पहिल्यांदाच ऐकत होती.

"ते तिकडे ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या सत्यनारायणाला मात्र दिसेल असा बस."