बोडकी सापडेपर्यंत

खोडे गुरुजी रोज संध्याकाळी स्वतःचीच एक कोंबडी चोरायचे. अगदी इकडेतिकडे पाहून, दुपट्ट्याखाली दाबून, पाय न वाजवता. आणि तासाभरानं तीच कोंबडी हरवली म्हणून अख्खी कॉलनी पालथी घालायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि तहसील कचेरीतून रिटायर झालेल्या बाबूला भिंतीपलीकडे पाहण्याशिवाय दुसरं काम काय असतं?

सौंसरातली आमची कॉलनी तशी सोवळ्या लोकांची. निम्मी मंडळी दर शनिवारी जामसावळीच्या देवळात जाणारी. अशा वस्तीत गुरुजींनी एका सकाळी सात कोंबड्या आणून सोडल्या. बरं, स्वतः गळ्यात तुळशीची माळ घालणारे, अंड्याला न शिवणारे. अंडी वाटून टाकायचे. मलाही द्यायचे. आमची ही अंडं घरात येऊ देत नाही, म्हणून मी ती बस स्टँडवरच्या ठेल्यावर नेऊन आमलेट करून घ्यायचो. राग आपल्या जागी, आमलेट आपल्या जागी.

राग होताच. वास यायचा. माझी मेथी दोनदा उकरून झाली. आणि रोज संध्याकाळची ती हजेरी! आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेलं, त्यामुळे कोंबड्यांचीही सुटका नव्हती. बांबूचं मोठं डालं अंगणात मांडायचं, एकेकीचं नाव घेऊन तिला आत घालायचं. कवडी, तांबडी, झिपरी, अशी सहा नावं झाली की सातवी बोडकी. मानेवर पीस नाही म्हणून बोडकी. ती गैरहजर. कारण ती गुरुजींनीच न्हाणीघरात ज्वारी टाकून कोंडलेली.

मग गुरुजी आणि इंदूकाकू दोघं निघायचे. काकूंच्या हातात कापडी पिशवी, गुरुजींच्या हातात काठी. लोकांच्या स्कूटरखाली वाकून पाहायचे, दारोदार विचारायचे. चांगला अंधार पडला की परत. कोणी म्हणालं, असू द्या हो, येईल ती, तर गुरुजींचं ठरलेलं वाक्य होतं, "हजेरी झाल्याबिगर सुट्टी नाही."

मी एकदा भिंतीवरून विचारलं की हा काय तमाशा आहे. तर म्हणाले, "गंमत करून राहिलो, बाबूजी." माणसाचं डोस्कं फिरलं, असं मी हिला सांगितलं. पण तिसऱ्यांदा मेथी गेली तेव्हा मी कागद काढला.

आता माझ्या अर्जाबद्दल सांगायला हवं. आम्ही घरात मराठी बोलतो, पण इथल्या कचेरीची भाषा हिंदी, म्हणून अर्ज हिंदीत करतो, आणि माझ्यासारखं सरकारी हिंदी सौंसरात कोणाला येत नाही. 'विषय: कुक्कुट पालन से उत्पन्न दुर्गंध बाबत.' खाली अकरा सह्या. नगरपालिकेचा शिपाई आठवड्यात नोटीस घेऊन आला. गुरुजींनी ती उभ्यानं वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी कोंबड्या ऑटोत घालून लोधीखेड्याला काकूंच्या भाच्याकडे पाठवल्या. मी त्या संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो. कसं शांत शांत वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या संध्याकाळी मी बाजारातून येत होतो. बस स्टँडवर इंदूकाकू उभ्या होत्या. पायात चप्पल नाही, हातात तीच पिशवी. मला पाहून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, लोधीखेड्याची मोटार गेली का? माय वाट पाहून राहिली असन." दहा वर्षांपासूनची आमची शेजारीण, आणि माझ्याकडे अशी पाहत होती जशी मला कधी पाहिलंच नाही.

तेवढ्यात गुरुजी आले. धावत आले होते, त्यांना बोलता येत नव्हतं. काकूंना बाकावर बसवलं, त्यांच्या तळव्यांची धूळ आपल्या दुपट्ट्यानं पुसली. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं.

दोन वर्षांपासून काकूंचं असं चाललं होतं. दिवसभर बऱ्या असायच्या, पण ऊन उतरलं की पिशवी भरून माहेरी निघायच्या. माय जाऊन तीस वर्षं झालेली. अडवलं तर रडायच्या, कडी लावली तर दारावर डोकं आपटायच्या. एक दिवस शेजारच्या गल्लीत कोणाची तरी कोंबडी दिसली आणि काकू थबकल्या. लहानपणी कोंबड्या डालायचं काम त्यांचं होतं. डालल्याशिवाय घर सोडलं की मायचा मार. बाकी सारं विसरल्या, तो धाक तेवढा राहिला.

"म्हणून आणल्या," गुरुजी म्हणाले. "सातही भेटल्या की इंदू निघते. एक कमी असली की ते शोधते. अंधार पडला की मंग म्हणते, आता उद्याच जाईन. तेवढा अंधार पडू द्यायचा असते, बाबूजी."

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते तर मलाच म्हणाले की तुमचंही बरोबर होतं, वास तर येतेच.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात वाईट हिंदीतला अर्ज लिहिला. अकरा घरी जाऊन तक्रार मागे घेतल्याच्या सह्या घेतल्या. नगरपालिकेतले साहेब म्हणाले, नियम तर नियम आहे, पण शिकायतच नसेल तर आम्ही कशाला येतो. ऑटो करून मीच लोधीखेड्याला गेलो आणि मांडीवर बोडकीला घेऊन परत आलो. पँट धुवावी लागली.

पुढे काकूंना न्हाणीघराचा पत्ता लागला, तेव्हा बोडकीला लपवायची जागा बदलावी लागली. ती आमच्या न्हाणीघरात आली. अंड्याला विटाळ मानणारी आमची ही रोज चार वाजता तिथं मूठभर ज्वारी टाकू लागली. पाच वाजता मी भिंतीवरून कोंबडी घ्यायचो, सहाला काकू माझ्याच दारात येऊन विचारायच्या, भाऊ, आमची बोडकी आली का? आणि मी, ज्यानं सत्तावीस वर्षं सरकारी कागदावर खोटं लिहिलं नाही, तो म्हणायचो, नाही बा, चला, मीही शोधू लागतो. कॉलनीतले बाकीचेही शोधायला लागले. सगळ्यांना माहीत होतं, कोणालाच सापडायची नाही.

पौषात एका दुपारी काकू घरात तूर निवडता निवडता भिंतीला टेकल्या. तशाच गेल्या. गुरुजी आत झोपले होते. तोवर कोणाला कळलं नव्हतं, म्हणून रोजच्या सवयीनं मी त्या दिवशी अंगणातून बोडकीला थोडी लवकरच उचलून आणलं होतं.

मुलगी भोपाळहून निघाली होती, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. घर माणसांनी भरलं. ऊन उतरलं तसे गुरुजी काकूंच्या उशाजवळून उठले, अंगणात गेले आणि डालं मांडलं. बाया म्हणाल्या, राहू द्या गुरुजी, आज आम्ही पाहतो. त्यांनी ऐकलं नाही. एकेकीचं नाव घेतलं. सहा झाल्या.

ते थांबले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक कमी हाय, बाबूजी. ते जात नाही आज."

बोडकी माझ्या न्हाणीघरात होती. वीस पावलं. मी उठलो नाही. मान खाली घालून म्हणालो, "हो गुरुजी. अंधार पडला. आता उद्याच."

सकाळी मुलगी आली, रडणं झालं, तयारी झाली. चौघं खांदा द्यायला वाकले तसे गुरुजींनी हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घरी गेलो. हिनं आधीच बोडकीला पदरात धरून ठेवलं होतं आणि ती रडत होती. मी कोंबडी आणून गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी तिच्या उघड्या मानेवरून हात फिरवला, वाकून तिला डाल्याखाली सोडलं आणि डालं नीट टेकवलं.

"सात," ते म्हणाले. मग काकूंकडे वळून, वर्गात बोलावं तसं जरा मोठ्यानं म्हणाले, "हजेरी झाली, इंदू. जाय आता मायकडे."