दोन सीट, शेजारी शेजारी

इनास खुर्चीवर दोनदा बसतो. एकदा बसतो, उठतो, खुर्चीकडे संशयाने पाहतो आणि मग पुन्हा बसतो. कारण विचारलं तर म्हणतो, "पयल्या खेपेक काय, सगळाच बरा चलता."

इनास आमच्या कंपनीत टेस्टर आहे. कंपनी म्हणजे मालवणात हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली आणि चार माणसं. मी आणि विनू प्रोग्रॅम लिहितो, इनास त्यातल्या चुका काढतो आणि नेहा आमची स्क्रम मास्टर आहे. म्हणजे कुणाचं काम अडलं की वाईट वाटून घेण्याचं पद तिच्याकडे आहे. आम्ही अ‍ॅजाइल पद्धतीने चालतो. दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट, रोज सकाळी दहा मिनिटं उभ्याने बैठक आणि भिंतीवर कामांच्या रंगीत चिठ्ठ्या. इथल्या दमट हवेत त्या चिठ्ठ्या दुपारपर्यंत गळून पडतात. इनास त्या उचलतो आणि न चुकता 'तपासायचं' या रकान्यात चिकटवतो, संपलेल्या कामांच्यासुद्धा.

पूर्वी तो बोटीवर होता, लाइफ जॅकेटं तपासायला. ती नजर काही गेली नाही. मी मोठ्या हौसेने नवं पान दाखवायला गेले की तो विचारतो, "चलता गो, पण खंयपर्यंत?" मग नेट बंद करून, बोटं ओली करून, मोबाइल उलटा धरून ते कुठपर्यंत चालतं याचा शोध लागतो. माझं बहुतेक काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतं.

गेल्या हंगामात आम्ही होडीवाल्यांसाठी खाडीतल्या फेरीच्या तिकिटांचं अ‍ॅप केलं. त्यांचा म्होरक्या बाबल आधीपासूनच नाखूश होता. "माणूस धक्क्यार इलो, होडयेत बसलो. ह्यात मोबाइल खंय इलो?" अ‍ॅप फसलं असतं तर त्याने आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नसतं, आणि आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून नेहाने ठरवलं की इनासने हो म्हटल्याशिवाय अ‍ॅप बाहेर जाणार नाही.

इनासने दोन आठवडे घेतले. तपासणीच्या प्रत्येक तिकिटावर प्रवासी तेच, इनास आणि रोझी. दोन सीट, शेजारी शेजारी, रोझी पाण्याच्या बाजूला. दोघं भरतीला गेली, ओहोटीला गेली, नेटवर्क तुटलं तरी गेली, तिकीट रद्द करून परत गेली. रोझी हे नाव कुठून आलं ते आम्ही विचारलं नाही. मी टेस्ट करताना आमच्या मांजराचं नाव घालते. शेवटी त्याने चिठ्ठीवर 'पास' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्याच सकाळी बाबलचा फोन आला. "गो बाय, हय येक माणूस उभो आसा. येकटोच आसा. तुमचा मशीन तेका सीट देना नाय."

एकच प्रवासी घातला की पुढचं बटणच उमटत नव्हतं. चूक माझी होती आणि पाच मिनिटांत दुरुस्तही झाली. "आमच्या वहीत येकटो माणूस मावता हां," एवढं ऐकवून बाबलने विषय सोडला. पण मोबाइल उलटा धरून तपासणाऱ्या माणसाच्या हातून हे सुटलं कसं, ते कुणालाच कळेना.

स्प्रिंट संपला की आम्ही झाल्या कामावर बोलायला बसतो. दोष पद्धतीला द्यायचा, माणसाला नाही, असा तिथला नियम. विनूने नियम सांभाळत विचारलं, "इनासबाब, एका सीटची टेस्ट करायची कशी रवली?"

इनासने हातातली चिठ्ठी सरळ केली. "येकटो माणूस होडयेत बसता, ह्या माझ्या डोक्यातच इला नाय," तो म्हणाला. "रोझी गेल्याक तीन वर्सा झाली. पण माका येकट्याक खंय जावची सवयच नाय."

दोन वर्षं आम्ही रोज सकाळी दहा मिनिटं त्याच्याशेजारी उभे होतो आणि त्याच्या बायकोचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

नेहाने नवी चिठ्ठी लिहिली, 'एक प्रवासी'. इनासने ती स्वतः 'तपासायचं'मध्ये चिकटवली. आठवडाभर त्याने तिला हात लावला नाही, आणि त्याला आठवण करून द्यायची आमची कुणाची छाती झाली नाही.

रविवारी तो खरंच एक सीट काढून फेरीला गेला. मला ते बाबलकडून कळलं. "फळयेर बसलो, उठलो, परत बसलो," बाबल म्हणाला. "आणि पाण्याच्या बाजूक येक जागा मोकळी सोडल्यान. मी थंय कोणाक बसाक दिलंय नाय."

सोमवारी सकाळच्या बैठकीत इनासने सांगितलं, "येक सीट तपासलंय. चलता."

"खंयपर्यंत?" रोजच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

तो जरासा हसला. "धक्क्यापर्यंत," म्हणाला. "मगे घराक जावचा लागता."