ढवळीस टर्बो बसविला आणि म्हैसमाळचा घाट सर झाला, ती हकीकत

श्रीगिरिजामातेचे चरणी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पौर्णिमा, बृहस्पतवार, ते दिवशी राजश्री सांडूराव पाटील, वस्ती तालुके वैजापूर, यांनी आपली जीप ढवळी इजला टर्बोचे इंजिन बसवून म्हैसमाळचा घाट कैसा सर केला, त्याचे साद्यंत वर्तमान येथे लिहिले आहे. संवत्सराचे नाव ऐकून वाचणाऱ्यांनी धीर सोडू नये. शेवट गोड आहे.

ढवळी म्हणजे पांढऱ्या रंगाची, कापडी छताची जीप, सांडूरावांच्या तीर्थरूपांच्या हयातीतली. कांद्याच्या गोण्या, वऱ्हाडी, बाळंतिणी, सर्वांस तिने वाहिले आणि मैदानी मुलखात ती कोणास हार गेली नाही. परंतु चढ पाहिला की तिचा ऊर भरून येई, आणि दरसाल म्हैसमाळी गिरिजामातेच्या जत्रेस जाताना घाटाच्या तिसऱ्या वळणावर ती जी उभी राही ती पहिल्या गियरातही हलत नसे. मग स्वारीतले सर्व लोक खाली उतरत आणि धट्टेकट्टे मागून रेटा देत, आणि सांडूरावांच्या आत्या चतुराबाई, वय वर्षे त्र्याहत्तर, दगड घेऊन चाकामागे चालत, आणि गाडी हातभर चढली की दगड चाकाखाली सरकवीत, जेणेकरून ढवळी माघारी येऊ नये. हा दगडाचा मान बाईंकडे अकरा वर्षे चालत आला होता. दगड वैजापुराहून निघतानाच त्यांच्या मांडीवर असे, कारण वाटेवरल्या दगडांवर त्यांचा भरवसा नव्हता.

आता भाऊबंदकीचे वर्तमान. सुदर्शनराव हे सांडूरावांचे चुलतबंधू, शहरात नोकरीस, गाडी नवी, काचा काळ्या, आत बारमाही गारवा. दरसाल तिसऱ्या वळणावर त्यांची स्वारी मागून येई, काच चार बोटे खाली होई आणि आत्याबाईंनी आत येऊन बसावे अशी विनंती होई. बाई दरसाल नाकारीत. ज्या गाडीस दगड लागत नाही तिथे आपले काम काय, असा त्यांचा जाब असे. मग काच वर जाई, आणि सांडूरावांच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

यंदा माघ महिन्यात आत्याबाईंच्या उजव्या गुडघ्याने बंड केले. वैजापूरच्या डॉक्टरांनी फर्मावले की चढण बंद. बाईंनी ते निमूट ऐकले, दगड उचलून तुळशीपाशी ठेवला आणि पुतण्यास म्हणाल्या, "यंदा म्या येत नाय. देवीला माझा नमस्कार सांग."

सांडूरावांस हे शब्द फार लागले. चार वर्षांचे असता त्यांची आई गेली, तेव्हापासून आत्याबाईंनीच त्यांस वाढविले होते. त्यांस वाटले, की आत्याविना घाट चढायचा तर देवीसमोर कोणत्या तोंडाने उभे राहावे? मग त्यांनी भर भावकीत प्रतिज्ञा केली, की यंदा आत्याबाई घाट बसून चढतील, त्यांचा पाय घाटात जमिनीस लागणार नाही, आणि लागला तर ढवळी भंगारात जाईल व आत्याबाई पुढे जन्मभर सुदर्शनरावांच्या गाडीत बसतील. सुदर्शनरावांनी ही प्रतिज्ञा तत्काळ भावकीच्या व्हॉट्सअॅप दफ्तरी चढविली. त्याखाली सतरा अंगठे उमटले, आणि आता माघार उरली नाही.

मग शहर छत्रपती संभाजीनगर, छावणी येथे रत्नमालाबाई मेकॅनिक यांच्या गॅरेजात मसलत भरली. बाईंनी वडिलांमागे गॅरेज चालविले होते आणि नुसत्या आवाजावरून गाडीची नाडी सांगत. त्यांनी ढवळीचे बॉनेट उघडून कान लावला आणि निवाडा दिला, की जुने इंजिन इमानी आहे परंतु त्याची छाती लहान, ढवळीस टर्बोवालेच इंजिन पाहिजे. टर्बो म्हणजे गोगलगाईच्या आकाराचा लोखंडी सरदार. तो गाडीच्याच धुरावर गरगरा फिरतो आणि इंजिनास हवा कोंबकोंबून पाजतो.

ऐसे इंजिन फर्दापुरी श्रीधरपंतांपाशी असल्याची खबर लागली. ते इंजिन ज्या गाडीचे, तीतून पंतांनी वर्षानुवर्षे लेणी पाहणारे पाहुणे वाहिले होते, आणि आता सांगाडा गंजून गेला तरी इंजिन ठणठणीत होते. निरोपाच्या समयी पंत इंजिनावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि याला फार ओरडू नका इतकेच बोलले. मग टेम्पो कूच करून सिल्लोड, फुलंब्रीवरून मजल दरमजल छावणीत दाखल झाला.

तिथे एकोणीस दिवस घनघोर रण माजले. इंजिन आत उतरविले तो त्याचे पाय बसेनात, म्हणून जुने कापून नवे वेल्डिंगने जोडले, आणि पाय बसले तो बॉनेट मिटेना, म्हणून बॉनेटास वरून खिडकी पाडली. परिवहन कचेरीतून रीतसर परवाना आणून इंजिनाचा नवा नंबर कागदी चढविला. विसावे दिवशी रत्नमालाबाईंनी दौलताबादच्या रस्त्यावर ढवळी अशी पळविली की शेजारी बसलेल्या सांडूरावांची टोपी उडून गेली. ती आणावयास ते थांबले नाहीत.

ढवळी वैजापुरास आली तो सांडूरावांच्या पत्नी द्वारकाबाई आरती घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचे म्हणणे असे, की ढवळी ही घरची लेक, तिच्या घरी बाहेरून इंजिन राहावयास आले, तर ते घरजावई झाले, आणि घरजावई म्हणून त्याचा मान चुकवावा हे पाटलांच्या घरास शोभत नाही. पुढे ज्येष्ठात अधिक महिना होता, परंतु तोवर थांबणे त्यांस मानवले नाही. मग बॉनेट उघडून इंजिनास हळदकुंकू झाले, नारळ झाला, आणि टॉवेल-टोपीचा आहेर झाला. टोपी सांडूरावांनीच मागून घेतली, कारण त्यांची रस्त्यात राहिली होती.

म्हैसमाळच्या स्वारीत रत्नमालाबाई पान्यांची पेटी घेऊन जातीने सामील झाल्या, कारण आता त्यांचीही अब्रू पणास लागली होती. आत्याबाई पुढे बसल्या आणि मांडीवर दगड घेतला. सांडूरावांनी हात जोडून अर्ज केला, की यंदा त्याची गरज नाही. बाईंनी ऐकले आणि दगड तसाच ठेवला.

खुलताबादेपर्यंत ढवळी बरी चालली, परंतु रत्नमालाबाई सारख्या भुवया आक्रसून ऐकत होत्या. घाट लागला आणि पहिल्या वळणावर काळा धूर निघाला. दुसऱ्या वळणावर ढवळी धापा टाकू लागली, आणि तिसऱ्या वळणावर, जिथे ती अकरा वर्षे उभी राहिली होती तिथेच, इंचही न चुकता उभी राहिली. मागून काळ्या काचांची गाडी आली.

मग मोठा कठीण प्रसंग गुदरला. आत्याबाईंनी सवयीने दार उघडले, दगड काखेत मारला आणि उजवा पाय बाहेर काढला. सांडूरावांचे दोन्ही पाय ब्रेकवर, हँडब्रेकाचा भरवसा नाही, जागेवरून हलता येईना. ते कळवळून म्हणाले, "आत्या, पाय टेकू नको. तुला माझी आण हाये."

बाईंनी पाय होता तिथे, जमिनीपासून चार बोटे वर, अधांतरी धरला. गुडघ्यात कळ गेली, तरी पाय खाली आला नाही. परंतु ढवळी तसूतसू मागे सरकू लागली, मागल्या बाकावरल्या रत्नमालाबाई आणि द्वारकाबाई पान्यांच्या पेटीआड अडकलेल्या, आणि चाकास दगड लावणारे कोणी उरले नाही. तेव्हा आत्याबाईंनी मागे पाहून हुकूम केला, "सुदर्शन, खाली उतर. ह्यो दगड लाव."

सुदर्शनराव गारव्यातून बाहेर आले. इस्त्रीचे कपडे, पायी पांढरे बूट, अशा थाटात त्यांनी दगड दोन्ही हातांनी घेतला, भर धुळीत गुडघे टेकले आणि चाकाखाली सरकविला. बाईंनी आतूनच सांगितले, की आडवा नको, उभा लाव. त्यांनी उभा लावला, आणि ढवळी थांबली.

इकडे रत्नमालाबाईंनी बॉनेट उघडले. इंजिनाच्या बाजूस काळ्या प्लास्टिकची एक पेटी असते, चार क्लिपांची, स्वच्छ. तीतून गाळून हवा इंजिनात जाते. बाईंनी क्लिपा उघडल्या आणि आतून चौघडी घातलेला, हळदीचे बोट लावलेला नवा कोरा टॉवेल काढला. मग सांडूरावांपुढे टॉवेल धरून म्हणाल्या, "पाटील, इंजिन एकदम झकास हाये. त्याच्या नाकात टॉवेल हाये."

तेव्हा मागच्या बाकावरून द्वारकाबाईंनी खुलासा केला, की जावयाचा आहेर इकडे तिकडे पडू नये म्हणून तो त्याच्या कपड्याच्या पेटीत नीट ठेवला होता.

पेटी मिटली, चावी फिरली आणि गोगलगाय सरदाराने अशी शीळ घातली की झाडीतील माकडे पांगली. आत्याबाईंनी पाय आत घेतला. सांडूरावांनी ब्रेक सोडला, आणि ढवळी तिसरे वळण चढली, चौथे चढली, आणि उरलेला घाट कोठेही न अडखळता चढून माथ्यावर गेली. चतुराबाई साहेबांचा पाय जमिनीस लागला नाही, ऐसी साक्ष सुदर्शनरावांनी स्वतः भावकीच्या दफ्तरी लिहिली. त्यांच्या पांढऱ्या पँटीवर गुडघ्यांचे दोन ठसे होते आणि दगड त्यांच्याच गाडीतून वर आला.

माथ्यावर सांडूरावांनी आत्याबाईंकडे पाहिले. वाटले, शाबासकी मिळेल. बाई मान वळवून मागे घाटाकडे पाहत होत्या. आता काय चुकले, असे त्यांनी भीत भीत विचारले.

बाई म्हणाल्या, "काय नाय. आकरा वर्सं म्या ह्या घाटात चाकाकडंच बघत आले. दरी कशी हाये ते कधी बघितलंच नाय. आन् आज भ्यानं डोळे मिटले." मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मागं फिरीव."

सांडूरावांनी डोळे पुसले, गाडी वळविली आणि तळापर्यंत उतरून पुन्हा चढाई केली. येणेप्रमाणे एका दिवसात म्हैसमाळचा घाट दोन वेळा सर झाला. पहिल्या वेळी ढवळी जिंकली, आणि दुसऱ्या वेळी चतुराबाईंनी डोळे उघडे ठेवून, रिकाम्या मांडीवर हात ठेवून, सबंध दरी पाहिली.