माटोळीतलं नवं फळ

यंदाची माटोळी अशी बांधीन की अख्खं धारगळ गाव बघायला येईल, असं मी सासऱ्यांना आषाढातच फोनवर सांगून टाकलं होतं. आणि खरंच, अख्खं धारगळ आलं! कशाला आलं, ते ऐका.

लग्नानंतरची आमची पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. कारापूरहून सासरे, म्हणजे सगुणमामा, लेकीचं ओझं, म्हणजे पहिल्या चवथीची फळं-फराळाची भेट, घेऊन येणार होते. मामांच्या घरची माटोळी नावाजलेली. गणपतीच्या डोक्यावरच्या त्या लाकडी चौकटीला ते रानातून हुडकून अशी अशी फळं टांगतात की म्हातारेसुद्धा नाव विचारतात. मला मुलगी देताना ते एवढंच बोलले होते, "चलो बरो, पूण मान सदांच मोबायलांत." मुलगा चांगला, पण मान सदा मोबाइलात. तेव्हापासून माझ्या बायकोचा, सेजलचा, जीव टांगणीला. बाबांसमोर मला खाली बघायला लावू नका, असं तिने मला दहादा बजावलं.

मोबाइलात माझा शेतीचा खेळ. पीक तयार झालं की त्यात कोंबडा आरवतो. मग मी ऑफिसात असो की जेवणाच्या पानावर, कापणीला धावतोच. आजवर एक भोपळा कुजू दिलेला नाही! खऱ्या रानात मात्र मी उद्या जाणार होतो. सगळा श्रावण त्या उद्यातच गेला.

चवथीच्या आदल्या दिवशी वर बघितलं तर चौकट रिकामी. धावतपळत पेडण्याच्या बाजारात गेलो आणि उरलंसुरलं उचललं. थोडे आंबाडे, चार तांबडी रानटी कवंडाळं, सुपारीचं एक शिपटं, म्हणजे घोस. बांधायला लागलो, तर एक आंबाडा बांधला की हात मोबाइलकडे, दुसरा बांधला की पुन्हा तेच. शेवटी माझी मलाच लाज वाटली. आणि नामी उपाय सुचला! मूर्ती बसली की विसर्जनापर्यंत माटोळीला कोणी हात लावत नाही. मी मोबाइल आंब्याच्या पानांत गुंडाळला आणि चौकटीलाच बांधून टाकला. दीड दिवस खेळ बंद! स्वतःवर इतका खूश झालो, की त्याचा आवाज बंद करायचा राहून गेला.

हे आठवलं ते दुसऱ्या दिवशी, भर आरतीत. भोपळे तर पेरून ठेवलेले! हातातली झांज घामाने निसटायला लागली. वर हात घालावा तर देव बसलेला, आणि बाजूला मामा उभे.

आरती संपली. घरातले वडीलधारे शिवदासकाका गाऱ्हाणं घालायला पुढे झाले.

"बा देवा महाराजा, ह्या घरच्या लेकरांक बरी बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे.

"कुकूचकूऽऽ!" वरून.

चवथीच्या घरात कोंबडा! आई मागीलदारी धावली. शेजारच्या जयरामला बोलावणं गेलं. तो बिचारा शपथा घ्यायला लागला की माझा कोंबडा डालग्याखाली झाकलेला आहे, येऊन बघा. दोघं बघून आले. झाकलेलाच होता. तेवढ्यात पुन्हा आरवला, आणि आवाज देवाच्या डोक्यावरून येतोय हे सगळ्यांना कळलं. पद्मावतीआत्येने हात जोडले, म्हणाली, देवाने कौल दिला! जयरामने ही बातमी वाड्यावर घरोघर नेली. बघता बघता ओसरी भरली, अंगण भरलं. सगळे माना वर करून तिसऱ्या आरवण्याची वाट बघत होते. मी तेवढा खाली बघत होतो.

हात जोडले नव्हते ते फक्त मामांनी. त्यांनी चष्मा लावला आणि माटोळी सावकाश निरखायला घेतली. आंबाडे बघितले, शिपटं बघितलं, कवंडाळांपाशी थांबले. कोंबडा आरवला, आणि पानांतून निळा उजेड पडला.

"जावईबापू," मामा शांतपणे म्हणाले, "हें फळ खंयच्या रानांतलें?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सेजलने तोंडाला पदर लावला. रडवलं हिला, मी मनात म्हटलं. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती! माझ्या जिवात जीव आला. मामा मात्र हसले नाहीत.

विसर्जनानंतर आमच्यात माटोळीतली फळं वाटून घेतात. मामांनी आपला वाटा मागून घेतला. "म्हाका तें नवें फळ जाय," म्हणाले, आणि मोबाइल पिशवीत टाकला. जाताना माझ्या हातावर भोपळ्याच्या बिया ठेवल्या. "ह्यांचो भोपळो हाड, आनी तुजें फळ व्हर." म्हणजे यांचा भोपळा आणून दिला, तरच मोबाइल परत.

खेळ सुटला तो असा. बिया मी त्याच दिवशी लावल्या, उद्यावर टाकल्या नाहीत, सेजल साक्षीला आहे. रोज संध्याकाळी मामा तिच्या फोनवर विचारतात, रुजलें? आणि मला रोज तेच सांगावं लागतं, "उद्या."

यात माझा आळस काडीचा नाही हो. बी रुजली का ते मी रोज सकाळी न चुकता उकरून बघतो.